सरवा

माझं बायबल मिटून आडवं धरलं, की पानांच्या कडेवर माझी सगळी कबुली दिसते. सुरुवातीचा अर्ध्या बोटाएवढा भाग मळकट आहे, तो उत्पत्ती आणि निर्गम या पहिल्या दोन पुस्तकांचा. त्यानंतर कोरा पांढरा पट्टा. मध्यावर स्तोत्रसंहितेपाशी एक काळसर रेघ, पुन्हा पांढरं, आणि शेवटाकडे चार शुभवर्तमानांची बोटं लागून मऊ झालेली पानं. दृढीकरणाच्या वेळी वडिलांनी दिलेलं हे बायबल. तेहतीस वर्षं माझ्याजवळ आहे आणि एवढ्या वर्षांत तो पांढरा पट्टा काही मळला नव्हता.

असं नाही की मी प्रयत्न केले नाहीत. आम्ही गुरुवार पेठेत राहतो. पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाचा घंटामनोरा आमच्या गच्चीवरून दिसतो, घंटा वाजल्या की घरात ऐकू येतात. दर ३१ डिसेंबरला रात्रीची उपासना करून थंडीत घरी चालत यायचं आणि मनाशी ठरवायचं, यंदा पूर्ण वाचायचं. आमच्या बायबलात ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. ३६५ दिवसांनी भागलं की रोजचे सव्वातीन अध्याय. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे हा भागाकार मला फार सोपा आणि खात्रीचा वाटायचा. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय जानेवारीत पार पडायचे. मग यायचं तिसरं पुस्तक, लेवीय. होमबली, अन्नबली, शांत्यर्पण, चरबी कुठली जाळायची, रक्त कुठे शिंपडायचं. तिथे एखादा दिवस चुकायचा. दुसऱ्या दिवशी साडेसहा अध्याय. ऑफिसात मार्चअखेरची तयारी सुरू झालेली असायची, आणखी दोन दिवस जायचे, की एका बैठकीत तेरा अध्याय. देवाच्या वचनाची माझ्याकडे थकबाकी साठायची, आणि थकबाकीदार माणूस जसा त्या खिडकीसमोरून जायचं टाळतो, तशी मी कपाटातल्या त्या पुस्तकाला टाळायला लागायचे.

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवलेला होता. स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या रॉबर्ट मरे मॅक्शेन नावाच्या तरुण पाळकाने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी केलेला. रोज चार ठिकाणचे चार अध्याय, वर्षभरात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. पुढच्याच वर्षी, वयाच्या २९ व्या वर्षी तो वारला, पण त्याचा तक्ता जगभर पोचला आणि अजून वापरला जातो. मला तक्ता तेवढा माहीत होता. त्याने त्याला जोडून जे लिहिलं होतं ते फार उशिरा वाचनात आलं. त्याने स्वतःच धोके सांगून ठेवलेत: वाचन नुसता उपचार होईल, वाचल्याचा अभिमान वाटेल, घाईने डोळे फिरवले जातील, आणि काहींना हे जू पेलणार नाही. मला पेललं नव्हतं. मला ते जू ठेवणाऱ्याच्याच तोंडून ऐकायला मिळालं, याचं मला फार बरं वाटलं.

गेल्या जूनमध्ये आई आमच्याकडे आली. तिचं सगळं आयुष्य शेवगाव तालुक्यातल्या गावात गेलेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याची शस्त्रक्रिया तेव्हा, दुसऱ्याची ऑगस्टमध्ये, आणि नंबर स्थिर होऊन चष्मा मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडणार. ती आली तेव्हा पालख्यांचा मुक्काम पुण्यात होता. भवानी पेठेत माउली, नाना पेठेत तुकोबा, आणि मधल्या सगळ्या गल्ल्या माणसांनी भरलेल्या. रिक्षा आत येईना, म्हणून आम्ही तिला धरून हळूहळू चालत आणलं. वळकटीवर बसून एक म्हातारे वारकरी स्वतःशीच काहीतरी म्हणत होते. आई थांबली. दिसत नव्हतं, पण ऐकत होती.

तिच्या पिशवीत तिचं पवित्र शास्त्र होतं. काळ्या रेक्झिनचं, लाल कडांचं. आत झावळ्यांच्या रविवारचे वाळलेले क्रूस. पहिल्या पानावर आम्हा पाच भावंडांच्या जन्माच्या आणि बाप्तिस्म्याच्या तारखा, आणि त्यातल्या एका नावापुढे आणखी एक तारीख.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचं आधण ठेवत होते. ती ओट्याशेजारच्या खुर्चीत येऊन बसली, पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, “वाच बाई. एकशे एकोणीस काढ. आठच ओव्या वाच, जास्त नको.”

आमच्या आईबापांच्या पिढीत वचनाला ओवीच म्हणतात. ‘मत्तय पाचवा अध्याय, तिसरी ओवी,’ असं. ११९ वं स्तोत्र हा बायबलमधला सर्वांत लांब अध्याय, १७६ ओव्यांचा. पण त्याची बांधणी मोठी सुरेख आहे. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं, प्रत्येक अक्षराला ८ ओव्या, आणि मूळ हिब्रूत त्या आठही ओव्या त्याच अक्षराने सुरू होतात. आपल्या मराठी बायबलात प्रत्येक भागावर आलेफ, बेथ, गिमेल अशी नावं छापलेली असतात. मी ती नावं इतकी वर्षं बघत आले होते आणि त्यांचं काय करायचं ते मला कळलं नव्हतं. आईला हिब्रू येत नाही. तिला एवढंच माहीत, की एक अक्षर म्हणजे एक सकाळ. बावीस अक्षरं, बावीस सकाळी. “तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे” ही ओवी नून अक्षरात येते, म्हणजे चौदाव्या दिवशी. त्या दिवशी तिच्या डाव्या डोळ्याला हिरवं फडकं होतं आणि वाचताना माझा आवाज अडखळला. तीच म्हणाली, “पुढे.”

दुसऱ्या आठवड्यात कधीतरी मला उठायला उशीर झाला आणि वाचन चुकलं. त्याच्या पुढच्या सकाळी मी सवयीने दोन अक्षरं वाचायला घेतली. आईने पानावर हात ठेवला. “काल जेवली नसतीस, तर आज चार वेळा जेवली असतीस का? आजचं आजचं वाच.”

माझ्या तेहतीस वर्षांच्या अडचणीवर हे इतकं साधं उत्तर होतं. मी वाचनाचा हप्ता भरत होते. ती जेवत होती. चुकलेला घास चुकला, पुढच्या वेळी भूक लागते आणि माणूस पुन्हा पानावर बसतो. तिच्या जगात थकबाकी नावाची गोष्टच नव्हती. निर्गमातल्या मान्न्याची, देवाने रानात रोज पुरवलेल्या अन्नाची, गोष्ट मी संडे स्कूलपासून ऐकलेली: रोज सकाळी लागेल तेवढाच गोळा करायचा, उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे. ती गोष्ट मला भात-भाकरीबद्दलची वाटायची.

एका रविवारी मी आमच्या पाळकांना हे सांगितलं. बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलेले, हिब्रू मनापासून आवडणारे. त्यांनी पहिलं स्तोत्र काढलं. नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करणारा माणूस धन्य, असं तिथे म्हटलंय. ते म्हणाले, “आपण मनन म्हटलं की डोळे मिटून गप्प बसलेला माणूस समोर येतो. मूळ शब्द आहे ‘हागा’. त्याला आवाज आहे. पुटपुटणं, गुणगुणणं. यशयाच्या पुस्तकात भक्ष्यावर बसलेला सिंह गुरगुरतो तिथे हाच शब्द, आणि आजारी हिज्कीया राजा पारव्यासारखा घुमतो म्हणतो, तिथेही हाच.”

पुण्यात स्वयंपाकघराच्या खिडकीला ज्यांच्या ग्रिल आहे, त्यांना पारवे म्हणजे काय ते सांगायला नको. पहाटेपासून त्यांचं घुमणं सुरू असतं. मी वर्षानुवर्षं त्यांना काठीने हुसकावत आले. त्या सोमवारी मी आधण ठेवलं, पुस्तक उघडलं आणि बाहेरचा आवाज ऐकत थोडा वेळ तशीच उभी राहिले. तो आवाज पुढे कुठे जात नाही. कुठलाही अध्याय संपवत नाही. एकच गोष्ट घशात धरून तो पक्षी ती पुन्हा पुन्हा घोळवत असतो.

मोठ्याने वाचायला लागल्यावर काय होतं, हे मी अनुभवाने सांगते. डोळा ओळी गाळतो, जीभ गाळू शकत नाही. मनात वाचताना मी वंशावळ्यांवरून, नावांवरून, परिचित वचनांवरून घसरत जायचे. “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे” हे मला इतकं पाठ की त्यात ‘माझा’ शब्द आहे हेच दिसेनासं झालेलं. समोर ऐकणारं माणूस बसलं की प्रत्येक शब्दाला जागा द्यावी लागते. आणि ऐकणारी मधेच विचारते, “कोण म्हणालं हे? कुणाला?” बायबलच्या अभ्यासाची मी जेवढी पुस्तकं चाळलीत, त्या सगळ्यांतला पहिला प्रश्न हाच आहे. आईने तो पुस्तकातून घेतलेला नाही.

तेव्हापासून मी वही ठेवली. शंभर पानी, साधी. उजव्या पानावर तारीख, वाचलेल्या ओव्या आणि त्यातला एक शब्द किंवा वाक्य, जे दिवसभर बरोबर न्यायचं. डाव्या पानावर न कळलेलं. डावी पानं भराभर भरतात. त्यातलं काही पाळकांना विचारते, काही समासातल्या संदर्भांवरून दुसऱ्या पुस्तकात सापडतं, काही तसंच राहतं. पुस्तक कपाटात ठेवत नाही, ओट्याशेजारच्या टेबलावर उघडंच असतं. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. आणि वेळ घड्याळाची नाही, आधणाची. चहा तर रोज होतोच.

चार-पाच आठवड्यांनी समोरच्या काकूंनी जिन्यात विचारलं, “सकाळी तुम्ही वाचता ते ऐकू येतं. आई ‘ओवी’ म्हणतात ना? तुमच्यातही ओवीच?” काकू रोज ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या वाचतात. पूर्वी सप्ताहात बसून सात दिवसांत पारायण करायच्या. आता गुडघ्यांमुळे पाचच. “सुरुवातीला वाईट वाटायचं,” त्या म्हणाल्या, “मग म्हटलं, नामदेवांनी सांगूनच ठेवलंय की, एक तरी ओवी अनुभवावी.” मी हे आईला येऊन सांगितलं. ती म्हणाली, “बरोबर बोलल्या ताई.” तेव्हापासून दोघींचा दुपारचा चहा एकत्र असतो.

बावीस दिवस संपल्यावर मार्काचं शुभवर्तमान घेतलं, सोळा अध्याय, रमतगमत. ते संपल्यावर मी विचारलं, आता काय? आईने उलट विचारलं, “तुझं कुठं अडतं दरवेळी?”

“लेवीय.”

“मग तेच घे.”

दुसऱ्या अध्यायात अन्नबली आला. सपीठ, तेल, ऊद. खमीर नको, मध नको, मीठ मात्र हवंच. आई परातीत कणीक मळत होती. सपीठ शब्द ऐकून तिचा हात थांबला. “सपीठ म्हणजे सणाचं पीठ. गहू ओलवून, दळून, वस्त्रगाळ करायचं. ते काही रोज नसतं घरात.” मला सपीठ म्हणजे बायबलमधला एक शब्द होता. तिच्यासाठी ते दोन दिवसांचं काम होतं. त्यानंतर मी त्या अध्यायाला कंटाळवाणा म्हणू शकले नाही. चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर पडलेल्या चट्ट्यांचे नियम आहेत: याजकाने येऊन बघायचं, सात दिवस घर बंद ठेवायचं, मग खरवडायचं, दगड बदलायचे. हे आम्ही ऑगस्टच्या झडीत वाचलं, आणि आमच्या मागच्या खोलीच्या ओल आलेल्या भिंतीकडे दोघीही बघत होतो.

त्याच्या आधी दहावा अध्याय येतो. याजक अहरोनाचे दोन मुलगे, नादाब आणि अबीहू, परमेश्वरासमोर मरतात. मोशे काही बोलतो. आणि मग लिहिलंय, अहरोन गप्प राहिला. तिथे आईने हात वर केला. मी थांबले. आधण उकळून चहा आटला. तिने पुस्तक स्वतःकडे ओढलं, पहिलं पान उघडलं, आणि त्या एका नावावर, दिसत नसताना, बरोबर बोट ठेवलं. नंतर तीन दिवस आम्ही वाचलं नाही. चौथ्या दिवशी तीच येऊन बसली. त्या दिवसांची वहीतली पानं मी कोरी ठेवली आहेत.

एकोणिसावा अध्याय आला तेव्हा सप्टेंबर होता. शेतातलं पीक कापताना कोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या. ‘सरवा’ म्हटल्याबरोबर आई सरळ होऊन बसली. लहानपणी ती आजीबरोबर बाजरीच्या रानात सरवा वेचायला जायची. कणसं खुडून झाली की पोरीबायका आत शिरायच्या. काही शेतकरी मुद्दाम मागे थोडं ठेवायचे. काही जण खुडलेल्या रानातही राखणदार बसवायचे, आणि तो पोरींच्या ओच्यातलं खाली ओतायला लावायचा. हे तिने मला पन्नास वर्षांत सांगितलं नव्हतं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “रूथ सरवा वेचायची ते ठाऊक होतं. मला वाटायचं, शेताचा मालक बवाज भला माणूस, त्यानं उपकार केले. पण इथं तर देवानं आधीच सांगून ठेवलंय. म्हणजे तो तिचा हक्क होता. आमचाबी होता.”

साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ओच्यातून ओतून घेतलेली कणसं त्या सकाळी कुणीतरी तिला परत केली, असं तिचा चेहरा सांगत होता. आणि हे त्या पुस्तकात घडलं, जे मी दर फेब्रुवारीत अर्धवट सोडून देत होते. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, ही आज्ञाही याच अध्यायातली, अठरावी ओवी. येशूने ती उचलून सांगितली म्हणून आपण ती शुभवर्तमानात शोधतो.

तेरावी ओवी माझ्यासाठी होती. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. आमच्याकडे भांडी-धुण्याला येणाऱ्या मावशींना मी पगार आठ-दहा तारखेला द्यायचे. वाईट हेतू काही नव्हता. सुट्टे नाहीत, एटीएमला जायचं राहिलं. मी ओवी वाचली आणि पुढे जाता येईना. आता एक तारखेला सकाळी पैसे पाकिटात घालून टेबलावर, बायबलच्या शेजारीच ठेवते. मावशींनी पहिल्यांदा विचारलं, “कुठं बाहेरगावी चाललात का?”

सप्टेंबरअखेर आईला चष्मा मिळाला. पहिल्या दिवशी तिने स्वतः वाचून बघितलं, बोट ठेवून, अक्षर अक्षर. मग पुस्तक मिटलं. “दिसतंय चांगलं. पण तू वाच.”

डिसेंबरात मी तिला नगरला सोडायला गेले. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीला वाटेत केडगाव लागतं (नगरजवळचं केडगाव वेगळं). ते स्टेशन आलं की आई नेहमी पदर डोक्यावर घेते. इथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. संस्कृतच्या पंडिता असलेल्या त्या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन सबंध बायबल मराठीत आणलं, आणि तेही अवघड संस्कृत शब्द टाळून, साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२१ मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. शेवटच्या दिवसांपर्यंत भाषांतराचं काम हातात होतं, आणि १९२४ मध्ये ते पुस्तक निघालं, मुक्तीतल्या बायकांच्या हातांनी छापलेलं. पूर्वी मी हे अभिमानाने सांगायचे. आता त्यांच्या रोजच्या सकाळीच माझ्या डोळ्यांपुढे येतात. टेबल, दिवा, एकेक ओवी. मुलगी गेल्यानंतरची सकाळसुद्धा.

रेल्वेचाच विषय निघाला म्हणून आठवलं. कवी ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तोही आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी सहप्रवाशाकडून. वाचत वाचत ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि त्यांना ती पानं सोडवेनात. मॅक्शेनच्या तक्त्यावर असते, तर त्या दिवशी ते मागे पडले असते.

फेब्रुवारीत आई परत आली, तपासणीसाठी म्हणून, आणि राहिली. मध्यंतरी मी एकटी वाचत होते, मोठ्यानेच. कधी नऊ-नऊ दिवस खंडही पडला, ताप आला तेव्हा, मुलीची परीक्षा होती तेव्हा. खुणेचा दोरा जिथे होता तिथूनच पुढे सुरू केलं. आता आम्ही लेवीयनंतरच्या ‘गणना’ या पुस्तकात आहोत. सातव्या अध्यायात ८९ ओव्या आहेत. निवासमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, उभा राहिल्यावर बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस अर्पणं आणतात. प्रत्येकाचं अर्पण अगदी तेच: १३० शेकेल वजनाचं चांदीचं ताट, ७० शेकेलांचा चांदीचा कटोरा, दोन्हींत तेलात मळलेलं सपीठ, १० शेकेलांचं सोन्याचं धूपपात्र, आणि ठरलेले पशू. पवित्र शास्त्र ते बाराही वेळा संपूर्ण सांगतं. शब्दही जवळपास तेच, बदलतात ते दिवस, वंश आणि माणसाचं नाव.

पहिल्याचं वाचून झाल्यावर मी म्हटलं, “आई, पुढची अकरा तशीच आहेत. नावं तेवढी वाचू?”

“का? त्यानं आणलं नाही का?”

“आणलं. पण तेच आणलं.”

“मग वाच की. रोज एकाचं वाच. त्यांनी पण रोज एकानंच आणलं ना?”

आज सातवा दिवस. खिडकीत पारवे आहेत, आधण ठेवलंय. एफ्राइमचा सरदार, अम्मीहूदाचा मुलगा अलीशामा. त्याचं चांदीचं ताट १३० शेकेलांचं होतं.